पटकथेसाठी कलानिधी मागताना: अर्ज कसा बांधावा

कलानिधीच्या, म्हणजे कलेच्या कामासाठी संस्था देतात त्या पैशांच्या, अर्जांत एक दोष इतका नेहमीचा आहे, की सुरुवात त्यापासूनच केलेली बरी. पटकथा असते चोरीची, पाठलागाची, भुताची. आणि अर्जात मात्र लिहिलेलं असतं ‘स्मृती आणि विस्मृती यांचा शोध’. कलेचे पैसे मागायचे म्हणजे करमणूक चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची, असा लेखकांचा समज असतो. समितीवरच्या माणसाने त्या दिवशी असे बरेच ‘शोध’ वाचलेले असतात. पडद्यावर काय दिसणार, प्रेक्षक जागेवर का खिळून राहणार आणि मागितलेल्या पैशांतून नेमकं कोणतं काम होणार, हे त्याला हवं असतं.

अर्जाला हात घालण्याआधी पैसे कुठून येतात ते बघा, कारण अटी तिथूनच ठरतात. फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर बसतो आणि तो सीएनसी या तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेमार्फत चित्रपटांकडेच परत येतो. तिथली १९५९ पासूनची प्रसिद्ध योजना तर नावापासूनच ‘उत्पन्नातून फेडायची उचल’ आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीतला वाटा चित्रपटांना मिळतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाशी जोडलेला ह्युबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना संहितेच्या टप्प्यावरही मदत करतो. बर्लिन महोत्सवाचा २००४ मध्ये सुरू झालेला वर्ल्ड सिनेमा फंड मात्र मुख्यतः निर्मितीकडे बघतो आणि त्याला जर्मन निर्मिती-भागीदार लागतो. म्हणून नियमावली वाचताना चार गोष्टींखाली रेघ मारा: पैसा लेखनासाठी आहे की निर्मितीसाठी, अर्ज लेखक करू शकतो की निर्मिती संस्थाच, रक्कम परत करायची आहे का, हप्ते कधी मिळणार. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर तो अर्ज लिहूच नका. ‘बघू, चालून जाईल’ हे इथे चालत नाही. अपात्र अर्ज वाचनापर्यंत पोहोचतच नाही.

एका वाक्यातली गोष्ट

पंचवीस ते पस्तीस शब्द. उदाहरणासाठी रचलेली ही एक वाईट ओळ: ‘न्याय, मौन आणि अपराधभाव यांचा वेध घेणारी एका स्त्रीची हृदयस्पर्शी कहाणी.’ यातून काहीच दिसत नाही. आता तीच गोष्ट अशी:

‘न्यायालयात कर्णबधिर आरोपीसाठी दुभाषाचं काम करणाऱ्या बाईला कळतं, की त्याला अडकवणारी खोटी साक्ष तिच्याच भावाने दिली आहे, आणि आरोपीचे हात काय म्हणतात, ते न्यायाधीशांपर्यंत पोहोचवणारी ती एकटीच आहे.’

बाई कोण, तिचं काम काय, पेच कुठे आणि तो तिलाच का, हे सगळं आलं. न्याय, मौन, अपराधभाव हे तिन्ही शब्द गेले, पण विषय गेला नाही. हा थरारपट आहे हेही लपत नाही, आणि लपवायचं कारणही नाही. ती एक शब्द गाळणार का, हा प्रश्न डोक्यात बसला की वाचणारा पुढचं पान उलटतो.

सारांश आणि विस्तृत कथारूप

सारांश एका पानाचा, वर्तमानकाळात, आणि शेवटासकट. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ ही ओळ जाहिरातीत शोभते. अर्जात तिचा अर्थ एवढाच होतो, की लेखकाला शेवट सुचलेला नाही. एका पानात चार-पाचांपेक्षा जास्त नावं घालू नका. बाकीच्यांना ‘भाऊ’, ‘वकील’, ‘शेजारीण’ म्हणा. नवख्या सारांशात निम्मं पान पात्रांच्या भूतकाळात जातं आणि मधला भाग ‘अनेक अडचणींनंतर’ या दोन शब्दांत उरकतो. नेमका तोच मधला भाग समितीला पाहायचा असतो.

विस्तृत कथारूप (ट्रीटमेंट), म्हणजे संहितेआधी घटनाक्रमाने लिहिलेली पूर्ण गोष्ट, साधारण आठ ते पंधरा पानांचं असतं. त्यात संवाद जवळजवळ नकोत. प्रत्येक परिच्छेदात एक घटना, आणि तिच्यामुळे पुढची घडली पाहिजे. तपासायला सोपी युक्ती आहे: दोन परिच्छेदांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ टाकून बघा. ‘आणि मग’शिवाय काहीच बसत नसेल, तर तिथे सांधा निखळलेला आहे.

लेखकाचं मनोगत

अर्ज इथे जिंकले जातात आणि इथेच सर्वांत जास्त वाया जातात. एक ते दीड पान मिळतं. त्यात विषय किती महत्त्वाचा आहे हे सांगत बसू नका. महत्त्वाचे विषय सगळ्यांकडेच असतात. संहितेत अजून काय सुटलेलं नाही ते लिहा. दुभाषाच्या गोष्टीसाठी असं लिहिता येईल: ‘ती पहिल्यांदा शब्द गाळते तो प्रसंग सध्या ४५ व्या पानावर आहे. तो उशिरा येतो. अलीकडे आणला, तर तिच्याबद्दलची सहानुभूती टिकत नाही. पहिल्या भागात भावाबहिणीचं नातं आधी उभं करून हा प्रसंग तिसाव्या पानाच्या आसपास आणणं, हे या निधीच्या काळातलं मुख्य काम.’

कच्चे दुवे कबूल केले तर गुण कापले जातील, अशी भीती वाटते. पण विकासनिधी, म्हणजे संहिता घडवण्यासाठीचा पैसा, हा कच्च्या संहितेसाठीच असतो. संहिता निर्दोष असल्याचं सांगणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे?

नमुना प्रसंग

पाच ते दहा पानं पुरतात. पहिलाच प्रसंग द्यावा असं नाही. दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असलेला प्रसंग निवडा. स्वप्न, पूर्वस्मृती आणि लांबलचक निवेदन टाळा.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब १२ पॉइंटच्या कुरिअर टंकात, ठरलेल्या समासांसह लिहिलेल्या संहितेचा आहे. देवनागरी टंक लागला की तो गडबडतो, आणि खाणाखुणांच्या भाषेतल्या प्रसंगांत तर पूर्णच कोसळतो. संहिता मोठ्याने वाचा, हालचालींना वेळ द्या, घड्याळ लावा आणि तीच लांबी अर्जात भरा.

वेळापत्रक आणि अंदाजपत्रक

ही दोन्ही कागदपत्रं एकत्रच बनवा, कारण तपासणाराही ती शेजारी ठेवूनच बघतो. चोवीस आठवड्यांची एक पटणारी विभागणी: संशोधन ४, कथारूप ३, पहिला खर्डा ८, बाजूला ठेवून सल्लागाराचे शेरे घ्यायला २, दुसरा खर्डा ५, कलाकारांसह वाचन १, शेवटची सफाई १. ‘लेखन: सहा महिने’ एवढीच ओळ दिली, तर काम कसं करायचं याचा विचार झालेला नाही हे उघड होतं.

एकूण रक्कम १०० धरली तर लेखकाचं मानधन ५५, संशोधन १५, संहिता सल्लागार १०, भाषांतर ८, वाचन ४, हिशेब तपासणी ३ आणि अनपेक्षित खर्च ५, अशी मांडणी करता येईल. निर्मितीच्या अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्च सहसा १० टक्के धरतात. लेखनात तेवढी गरज नसते. संशोधनाच्या आकड्यामागे कामं दिसली पाहिजेत. आपल्या उदाहरणात ती म्हणजे न्यायालयात दुभाषाचं काम करणाऱ्यांच्या भेटी आणि खाणाखुणांच्या भाषेच्या जाणकाराचं मानधन.

स्वतःचं मानधन शून्य लावणं हा त्याग नव्हे, चूक आहे. घर कशावर चालणार हा प्रश्न उरतो आणि वेळापत्रकच खोटं वाटू लागतं. कमी घ्यायचंच असेल, तर पूर्ण रक्कम दाखवून त्यातला काही भाग ‘लेखकाचं योगदान’ म्हणून उत्पन्नाच्या बाजूला लिहा. पैसे हप्त्यांनी येतात हेही धरून चाला. ४०-४०-२० अशी वाटणी असेल, तर शेवटचे २० संहिता आणि हिशेब दिल्यावरच मिळतात. वाचनाचा आणि सफाईचा खर्च त्याआधीच होतो. तो तोपर्यंत कुठून भागवणार, ते ठरवून ठेवा. करआकारणीबद्दल लेखापालाला आधीच विचारा.

हक्क

गोष्ट कादंबरीवर बेतलेली असेल, तर हक्क राखून ठेवल्याचा लेखी करार जोडावा लागतो. त्याची मुदत मोजा: लेखनाचे सहा महिने आणि पुढे निर्माता शोधायचा काळ. अठरा महिने आणि वाढवून घेण्याची सोय असेल तर बरं. वर्षभराचा करार मधेच संपतो आणि हातात फक्त खर्डा राहतो. प्रसिद्ध गाणं संहितेत नावानिशी घालू नका. रचनेचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि दोन्हींचा खर्च निर्मात्याच्या डोळ्यांत खुपतो.

पाठवताना

पानांची मर्यादा, पीडीएफचा आकार, फाइलचं नाव हे सगळं सूचनेत असेल तसंच ठेवा. अंतिम वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाने आहे ते पाहा, रात्री ११.५९ ही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. त्या विषयाशी काहीही संबंध नसलेल्या एकाला फक्त सारांश वाचायला द्या आणि गोष्ट तोंडी सांगायला लावा. तो जिथे अडखळेल, तिथे समितीही अडखळेल.

नकार आला आणि अभिप्राय मागायची सोय असेल, तर जरूर मागा. तीच संहिता तारीख बदलून पुन्हा पाठवू नका. काय बदललं ते पाच-सहा ओळींत वर लिहा.

होकार आला, तर सही करण्याआधी करारातली बदलांची अट वाचा. मुख्य पात्र, शेवट किंवा भाषा बदलायची झाल्यास बऱ्याच ठिकाणी आधी लेखी परवानगी लागते. दुसऱ्या खर्ड्यात दुभाषाऐवजी भाऊच नायक झाला, तर ते अंतिम अहवालात कळवू नका. बदल ठरला त्याच आठवड्यात पत्र पाठवा. पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा, कारण शेवटचा हप्ता सहसा त्यांच्यावरच अडतो.