५१२ एमबी रॅमवर जँगो: छोट्या सर्व्हरवर वेब अ‍ॅप कसं चालवावं

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेला उद्याच्या खुर्च्या आज ऑनलाइन बुक करून द्यायच्या आहेत, असं धरू. दिवसभर अ‍ॅपकडे फारसं कुणी फिरकत नाही. रात्री नऊला बुकिंग उघडलं की एमपीएससीची दीडशे पोरं एकदम तुटून पडतात. एवढ्या कामाला एक कोअर आणि ५१२ एमबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर पुरतो, मात्र मूळ सेटिंग तशीच ठेवली तर नाही.

खालची कृती उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), जँगो (वेब अ‍ॅप बनवायची पायथनची चौकट), गनिकॉर्न (जँगोचा कोड चालवणारा सर्व्हर) आणि एनजिनएक्स (त्याच्या पुढे उभा राहून रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर) धरून आहे. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

आधी हिशेब

लॉगिन करून ‘फ्री -एम’ चालवा. ‘फ्री’ रकान्यातला छोटा आकडा बघून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशला लावतं आणि गरज पडली की सोडतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा आकडा. कोण किती खातंय हे ‘पीएस ऑक्स --सॉर्ट=-आरएसएस’ने उतरत्या क्रमाने दिसतं. स्नॅप (उबुंटूची सॉफ्टवेअर बसवायची एक पद्धत) वापरात नसेल तर त्याची मागे चालणारी सेवा, स्नॅपडी, काढून टाका. पण प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट स्नॅपमधून बसवला असेल तर हात लावू नका, नाहीतर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र पुढच्या वेळी नूतनीकरणाविना संपेल.

स्वॅप

‘एफअ‍ॅलोकेट’ने डिस्कवर १ जीबीची फाइल करा (रॅम कमी पडली की लिनक्स हिचा आधार घेतं, हाच स्वॅप), ‘सीएचमॉड ६००’ द्या, मग ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’. एफएसटॅब या सेटिंग फाइलमध्ये ओळ घातली नाही तर रीबूटनंतर स्वॅप गायब. स्वॅपीनेस (स्वॅपकडे किती लवकर वळायचं तो आकडा) मूळचा ६० असतो, तो १० करा. स्वॅप हवा तो पिपने पॅकेज बसवताना येणाऱ्या उसळीसाठी. त्याशिवाय इन्स्टॉल मध्येच ‘किल्ड’ एवढंच छापून थांबतं. रोजच्या रिक्वेस्टच स्वॅपवर चालू लागल्या, तर वर्कर (अ‍ॅप चालवणारी गनिकॉर्नची प्रोसेस) इतका रखडू शकतो की गनिकॉर्नची ३० सेकंदांची मुदत उलटून तो मारला जातो.

गनिकॉर्न

गनिकॉर्नच्या कागदपत्रांत वर्करसाठी ‘कोअर गुणिले दोन अधिक एक’ असं सूत्र आहे, म्हणजे इथे तीन. ते सीपीयू बघून दिलंय, रॅम बघून नाही. जँगोचा एकेक वर्कर लायब्रऱ्यांप्रमाणे ६० ते १०० एमबी घेतो. म्हणून वर्कर १, थ्रेड (एकाच वर्करच्या आत, तीच मेमरी वापरून चालणारे कामाचे धागे) ४. सोबत मॅक्स-रिक्वेस्ट्स (इतक्या रिक्वेस्टनंतर वर्कर नव्याने सुरू होतो) १००० आणि त्याचा जिटर (त्या आकड्यातला यादृच्छिक फरक) १०० ठेवा, म्हणजे हळूहळू फुगलेला वर्कर अधूनमधून ताजा होतो. एका एक्सेल रिपोर्टपायी पांडास ही जड डेटा-लायब्ररी इंपोर्ट केली असेल तर ती काढून पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल वापरा. एवढ्यानेच बरीच मेमरी सुटते.

एकाच वर्करचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. जँगोची लोकल मेमरी कॅश प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. प्रोसेस एकच असल्यावर ती सगळ्या थ्रेडना सामाईक होते आणि रेडिस या वेगळ्या कॅश-सर्व्हरची गरजच उरत नाही. रिकाम्या खुर्च्यांची यादी तीन सेकंद कॅश केली तरी नऊच्या गर्दीतला मोठा भार उतरतो.

जँगोचं ‘डीबग’ सेटिंग बंद हवंच. ते चालू असताना जँगो प्रत्येक एसक्यूएल क्वेरी मेमरीत नोंदवतं. वेब रिक्वेस्टच्या सुरुवातीला ही यादी पुसली जाते, पण क्रॉनवरून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या लांबलचक कमांडमध्ये नऊ हजार क्वेरींपर्यंत वाढत राहते.

डेटाबेस

मायएसक्यूएल ८ मूळ सेटिंगवर एकटंच तीनेकशे एमबी अडवून बसतं. पोस्टग्रेस घ्यायचंच असेल तर शेअर्ड बफर्स १२८ वरून ३२ एमबीवर आणि कनेक्शनची मर्यादा १०० वरून २० वर आणा. या कामाला मात्र एसक्यूलाइट उत्तम. त्याला वेगळी प्रोसेसच लागत नाही.

त्यातली खरी डोकेदुखी म्हणजे ‘डेटाबेस इज लॉक्ड’. एका वेळी एकालाच लिहिता येतं. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणारा क्वेरींचा गट) वाचनाने सुरू होऊन मध्येच लिहायला गेलं आणि तेवढ्यात दुसऱ्याने लिहिलेलं असलं, तर एसक्यूलाइट टाइमआउटची वाट न बघता तिथल्या तिथे नकार देतं. म्हणून नुसता टाइमआउट वाढवून भागत नाही. जँगो ५.१ पासून डेटाबेसच्या ऑप्शन्समध्ये ट्रान्झॅक्शन मोड ‘इमीडिएट’ ठेवता येतो, म्हणजे लिहिण्याचं कुलूप सुरुवातीलाच घेतलं जातं. तो ठेवा, टाइमआउट ५ वरून २० सेकंद करा, इनिट कमांडमध्ये जर्नल मोड ‘वॉल’ (डब्ल्यूएएल; नव्या नोंदी आधी वेगळ्या फाइलमध्ये जातात) द्या आणि बुकिंगचा कोड अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये घाला. खुर्ची आणि तारीख यांवर युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे एक खुर्ची दोघांना जाणार नाही. बॅकअप ‘सीपी’ने घेऊ नका, वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी राहून जातात. एसक्यूलाइटची स्वतःची ‘बॅकअप’ कमांड आहे.

फोटो

ओळखपत्रासाठी मोबाइलवरून आलेला फोटो ४ एमबीचा दिसतो. पण ४००० गुणिले ३००० पिक्सेल, पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीत प्रत्येकी चार बाइट, म्हणजे उघडल्यावर ४८ एमबी. चार थ्रेडवर एकदम चार आले की १९२ एमबी गेले! पिलोमध्ये फाइल उघडल्याबरोबर ‘थंबनेल’ वापरा. जेपेग असेल तर ते मुळातच लहान आकारात वाचतं. फोटो सरळ करण्याचं काम त्यानंतर. आधी फिरवला तर पूर्ण चित्र मेमरीत येतंच. एनजिनएक्सची अपलोड मर्यादा मूळची १ एमबी असते, ती वाढवली नाही तर ४१३ एरर येईल.

मर्यादा आणि चाचणी

सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरतो त्या अ‍ॅपच्या सर्व्हिस फाइलमध्ये मेमरीमॅक्स २५०एम, मेमरीस्वॅपमॅक्स १००एम आणि रीस्टार्ट ऑलवेज लिहा. दुसरी ओळ विसरलात तर मर्यादा गाठल्यावर अ‍ॅप मरण्याऐवजी स्वॅपमध्ये सरकतं आणि अख्खा सर्व्हर रखडतो. ब्राउझरमध्ये ५०२ एरर (मागचं अ‍ॅप उत्तर देत नाही) दिसू लागला की ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा.

बुकिंग उघडण्याआधी स्वतःच्या लॅपटॉपवरून ‘एबी -एन १५०० -सी १५०’ आणि पुढे साइटचा पत्ता असं चालवा (एबी हे अपाचेचं भार-चाचणीचं साधन; एकूण १५०० रिक्वेस्ट, एका वेळी १५०) आणि सर्व्हरवर ‘व्हीएमस्टॅट १’ लावून ठेवा. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) रकाने शून्याच्या आसपास हवेत. तिथे आकडे सतत हलत राहिले तर थ्रेड दोनवर आणून पुन्हा बघा. तरीही हलले तर १ जीबीचा सर्व्हर घ्या.