मधुमेह आणि कोलेस्टेरॉल: या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की आपण आधी ठळक अक्षरांतले आकडे शोधतो. एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 96, ठळक नाही, म्हणजे चिंता नाही! पण शेजारच्या रकान्यातली मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी छापलेली असते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींचं, त्यातही रक्तदाब किंवा तंबाखू सोबतीला असेल तर, एलडीएल 70च्या खाली ठेवायला सांगतात. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर 55च्याही खाली.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं. अहो, तो नॉर्मल आलाय गोळीमुळेच! अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन थांबवली की यकृत पुन्हा पूर्वीसारखं कोलेस्टेरॉल बनवू लागतं आणि काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर येतो. या गोळ्यांनी शुगर वाढते, हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान अगदीच खोटं नाही. किंचित वाढते, पण हृदयविकाराचा धोका त्याहून कितीतरी जास्त टळतो. अंग दुखायला लागलं तरी परस्पर बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर मात्र तडक दवाखाना गाठा. गरोदरपणाचा विचार असेल तर तेही आधीच सांगा.

तूप सोडलं, अंडी सोडली, तरी ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) 300? मधुमेहात हा आकडा चढवण्यात साखर, मैदा, दारू आणि ताटातल्या भाताच्या डोंगराचा मोठा हात असतो. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडीही त्यातलीच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शुगर आटोक्यात आली की ट्रायग्लिसराइड बरंच उतरतं. 500च्या पुढे गेलं तर मात्र स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथे फक्त पथ्यावर विसंबू नका.

तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका. वनस्पती तेलात ते नसतंच. त्यापेक्षा खारी-फरसाणच्या पाकिटामागे पामतेल लिहिलंय का ते बघा, त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी असते.

गोळी सुरू करून किंवा डोस बदलून 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासा. एलडीएल हललंच नसेल तर आधी स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजा, मग थायरॉइड तपासून घ्या. रात्रीची गोळी वारंवार विसरत असाल तर अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन सकाळीही चालतात, शुगरच्या गोळीबरोबरच घेऊन टाका.