लाईट आल्यावर सगळ्यांनी एकदम मोटारी सुरू करू नका

वैशाखाचं ऊन, घड निसवलेली केळीची मृगबाग आणि आठ तासांची लाईट. रावेर, यावल, चोपड्याकडे सध्या हेच चाललंय. घड भरायच्या वेळी दोन-तीन दिवस पाणी तुटलं तर नुकसान ठरलेलं. आणि पाणी तुटतं ते बहुतेक वेळा बांधावरच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी.

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची वीज थेट वावरात येत नाही. ती मोठ्या दाबाने राज्याच्या जाळ्यात जाते. मग 33 केव्हीच्या उपकेंद्रात उतरते, तिथून 11 केव्हीच्या फीडरने (लाईनने) डीपीपर्यंत येते, आणि डीपी ती साधारण 433 व्होल्टवर आणतो. 100 केव्हीएच्या डीपीला एका फेजवर जेमतेम 133 अँपिअर झेपतात. 5 एचपीची मोटार चालताना 8 अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे बारा मोटारींचे 96. हे बसतं. पण सुरू होताना तीच मोटार पाच-सहा पट ओढते. बाराही स्टार्टर ऑटोवर असले की लाईट येताक्षणी 480 च्या वर मागणी जाते. व्होल्टेज कोसळतं, मोटारी वेग घेत नाहीत, म्हणून ओढ कमीच होत नाही. मग फ्यूज उडतो, नाहीतर वाइंडिंग जळतं. मागच्या उन्हाळ्यात आमचा डीपी असाच गेला. नवा बसेपर्यंत केळीकडे बघवत नव्हतं.

म्हणून एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा पारावर बसून क्रम ठरवा. ऑटोला टायमर असेल तर पहिल्याने एक मिनिट ठेवावं, दुसऱ्याने दोन, असं पुढे. टायमर नसेल तर ऑटो बंद ठेवून मोटार हातानेच सुरू करा. रात्रपाळीला हे जिवावर येतं, कबूल. पण डीपी बदलेपर्यंत वाट बघण्यापेक्षा ते परवडतं.

5 एचपीला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावा. लाईनवरचा ताण कमी होतो, शेवटच्या वावरातलं व्होल्टेज जरा सावरतं. एक फेज गेल्यावर दोन फेजवर मोटार चालवायचा जुगाड मात्र करू नका.

अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला पाणी टाका. काळी जमीन भेगाळली की अर्थिंग नावापुरतंच उरतं.

फ्यूज उडाला तर डीपीवर स्वतः चढू नका, जाड तारही घालू नका. लाईनमनला बोलवा किंवा 1912 ला फोन करा. वादळात तार केळीवर पडली असेल, तर लाईट बंद असली तरी त्या ओळीत पाय ठेवू नका.