चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत

वाक्प्रचारांची लांबलचक यादी चिनी विद्यार्थ्याच्या हातात देऊ नका. पाठांतरात तो कुणालाही ऐकणार नाही. त्याच्या भाषेत 'छंग-यू' नावाचे, बहुधा चार अक्षरी वाक्प्रचार असतात. बरेचसे जुन्या ग्रंथांतून आलेले. निबंधात ते पेरले की भाषा भारदस्त वाटते, आणि हीच सवय पुढे इंग्रजीत नडते.

एका तासाला पाच-सहा वाक्प्रचार पुरे. प्रत्येकाला आधी विचारा, 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' उत्तरावरून वर्गवारी आपोआप होते.

काही जसेच्या तसे जुळतात. 'वॉल्स हॅव इअर्स'ला चिनीतही भिंतीपलीकडे कान असतात. 'ॲड फ्युएल टु द फायर'ला तिथेही आगीत तेलच ओततात. दोन मिनिटांत पुढे सरका.

काहींचा अर्थ तोच, चित्र निराळे. 'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपे काम, चिनीत होते तोंडीलावण्याची बशी. मत्सराने इंग्रज हिरवा पडतो, चिनी माणसाचे डोळे लाल होतात. (हिरव्या टोपीचा विषय मात्र काढू नका. नवऱ्याला हिरवी टोपी घातली म्हणजे बायकोचे बाहेर प्रकरण आहे.) डुकरांपुढे मोती टाकण्याऐवजी चिनी माणूस गाईबैलांपुढे तंतुवाद्य वाजवतो. आपली गाढवापुढची गीता तीच.

खरा वेळ द्यायचा तो फसव्या जोड्यांना. 'पुलिंग माय लेग' म्हणजे फिरकी घेणे. चिनीत मागचा पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याला पुढे जाऊ न देणे, म्हणजे आपल्या 'पाय ओढण्या'च्या जवळचे. त्यामुळे इथे मराठी शिक्षकही घसरू शकतो. चिनीत 'शब्द खाणे' म्हणजे वचन मोडणे, तर 'ईट युअर वर्ड्स' म्हणजे आपलेच बोलणे चुकले हे नाक मुठीत धरून कबूल करणे. प्रत्येक जोडीला दोन वाक्ये करून घ्या: एक इंग्रजी अर्थाचे, एक चिनी अर्थाचे. दुसऱ्यात इंग्रजी वाक्प्रचार का बसत नाही, ते त्यालाच सांगू द्या.

मग वाक्यात वापर. छंग-यू कुठेही टाकला तरी बदलत नाही, चिनी क्रियापदाला काळाप्रमाणे रूपे नाहीत, 'अ' आणि 'द' तर नाहीतच. म्हणून 'ही पुल वन्स लेग' ऐकू येते. शब्दकोशातले 'वन्स' ही रिकामी जागा आहे, हे फळ्यावर दाखवा: माय, हिज, देअर. एकच वाक्य तीन माणसांवर आणि दोन काळांत म्हणवून घ्या. गुपित फोडण्याला 'स्पिल द बीन' म्हटले की तिथेच थांबवा, बीन्स अनेकवचनीच.

शेवटी, कुठे वापरायचे. यांतले बहुतेक बोलण्यातले आहेत, परीक्षेच्या निबंधात दोन-तीन कोंबले तर विनोदी दिसतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' ओळखता आले की झाले. बोलताना 'इट्स पोअरिंग' शिकवा.