भट्टीच्या विटा घरी पाडताना: आधी चाळणी, मग बाकीचं

कुंभारकामाची भट्टी बांधायला घरीच विटा पाडायच्या असतील तर कामाला दिवाळीनंतर लागा आणि मार्च संपायच्या आत कच्च्या विटा वाळून तयार असू द्या. मार्च-एप्रिलात नाशकात अवकाळी कधी गाठेल सांगता येत नाही, आणि कच्ची वीट एका सरीत परत चिखल होते. शिवाय विटा वाळवायला कांदाचाळीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. डोक्यावर छप्पर, खालून आणि बाजूंनी वारा, थेट ऊन नाही. पण उन्हाळी कांदा आला की चाळ तुमची नाही. ओळखीत कुणाची असेल तर आत्ताच शब्द टाकून ठेवा.

हेही आधीच ठरवा की भट्टी कशासाठी हवी आहे. टेराकोटा, कुंड्या, माठ म्हणजे हजार अंशांच्या आतलं काम, तर घरच्या विटा चालतील. १२०० अंशांच्या वरचं स्टोनवेअर करायचं असेल तर पुढचं वाचू नका. आपल्या मातीत लोह भरपूर, ती त्या तापाला बसकण मारते. तिथे फायरक्लेच्या, म्हणजे जास्त ताप सोसणाऱ्या मातीच्या, तयार विटाच आणा.

फावडी, घमेली, ताडपत्री, गोणपाट यांबद्दल काही सांगत नाही. चाळणीबद्दल सांगतो. दोन हव्यात, एक वाळूची जाड आणि एक बारीक, मच्छरजाळीइतक्या भोकांची. मच्छरजाळीच लाकडी चौकटीला ठोकलीत तरी हरकत नाही, पण माती विकत घेण्याआधी ती घरात असली पाहिजे. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. बोराएवढे दिसतात, वेचता येतात. ज्वारीच्या दाण्याएवढे मातीनं माखलेले असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि घात तेच करतात. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास अशा खड्याचा कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना होतो. वीट बाहेर काढता तेव्हा झकास दिसते, ठोकली तर खणखणीत वाजते. मग चुना हवेतला ओलावा ओढतो, फुगतो आणि विटेचा टवका उडवतो, मधोमध पांढरा ठिपका. कधी चार दिवसांनी, कधी पहिल्या पावसाळ्यात. मागच्या खेपेला माझी चाळणीच राहिली होती आणि ते कळलं भट्टी उभी राहिल्यावर. तेव्हा चाळणी.

माती देणारा म्हणेल, ‘साहेब, लोण्यासारखी माती आहे, चाळायला कशाला हवी?’ हसून मान डोलवा आणि मूठभर मातीवर संडास साफ करायचं अ‍ॅसिड टाका. जपून, हातमोजे घालून, उघड्यावर. सगळीच माती फसफसली तर ती नकोच. एखाद-दुसऱ्या ठिकाणीच बुडबुडे आले तर खडे आहेत, म्हणजे चाळणी. निफाडकडची खोल काळी माती मुळात टाळा. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशा विटेलाही पडतात. इगतपुरी-त्र्यंबककडची तांबूस माती बरी. तिकडे पाऊस जास्त, चुना बराचसा धुऊन गेलेला असतो. बराचसा म्हटलं, सगळा नाही. तीही चाळा. आणि माती हे गौण खनिज आहे. ट्रॉली भरून आणणार असाल तर तहसील कार्यालयात विचारून घ्या.

चाळायची रीत अशी. ढेकळं पूर्ण वाळू द्या, कारण कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की आपोआप सुटतं आणि अर्धवट ओलं तसंच बसून राहतं. मोठ्या टाकीत पातळ राबडी करा, जाड चाळणीतून, मग बारीक चाळणीतून गाळा. वर राहील ते फेकून द्या, कुटून परत घालू नका. राबडी बसली की वरचं पाणी काढा आणि मातीला आठवडाभर तरी मुरू द्या. कंटाळवाणं काम आहे, कबूल. निम्मी माती चाळून झाल्यावर ‘उरलेली अशीच घालू’ असं मनात येईल. घालू नका.

नुसत्या मातीची वीट तडकते, म्हणून तिच्यात भाजलेला चुरा घालायचा, ज्याला ग्रॉग म्हणतात. आतल्या, ज्वाळा लागणाऱ्या विटांसाठी घमेल्याला घमेलं चुरा घाला. फुटक्या कुंड्या, मंगळुरी कौलं, जुन्या विटा, सगळं चालतं. पण जुन्या नाशकात वाडा पाडला की विटा स्वस्तात मिळतात, आणि त्यांना चुन्याचा गारा चिकटलेला असतो! दारातून हाकलून दिलेला चुना असा खिडकीतून आत येतो. गारा खरवडून काढता येत नसेल तर ती वीट चुऱ्यात घालू नका, बागेच्या वाटेला लावा. चुरा कुटल्यावर तोही चाळा. क्रशरची कच वापरू नका, ती काळ्या दगडाची भुकटी, तापात आधी तीच विरघळायला लागते.

बाहेरच्या थराला हलक्या विटा लागतात, उष्णता धरून ठेवायला. त्यासाठी मातीत तेवढाच भुसा, मापानं, वजनानं नाही. वखारीतला लाकडाचा भुसा किंवा इगतपुरीकडच्या भातगिरणीतलं तूस. भाजताना ते जळून जातं आणि विटेत पोकळ्या राहतात. भुसा कालवलेला गारा लगेच वापरा, ठेवला की कुजून वास मारतो. भुसाही चाळा. वखारीच्या झाडणीत काय काय येतं ते बघितलंत तर मला कारण विचारणार नाही.

साच्याआधी आकसण मोजा. त्याच मिश्रणाची पट्टी थापा, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, वाळवा, कुणाच्या तरी भट्टीत भाजून आणा. रेघ ९.२ भरली तर आकसण आठ टक्के. २३० मिलिमीटरची वीट हवी तर साचा आतून २५० मिलिमीटर. हलक्या आणि भारी विटांची आकसण वेगळी निघेल, म्हणून साचेही दोन. कमानीच्या निमुळत्या विटांचा तिसरा. आणि ती भाजलेली पट्टी फेकू नका. पाण्यात बुडवून काढा, आठ-दहा दिवस दारात ठेवा, रोज बघा. पांढरा ठिपका उमटला तर तुमची चाळणी मोठ्या भोकांची आहे. हे आत्ता कळलेलं बरं.

विटा पाडताना साचा ओला करून वाळू भुरभुरा, गारा जोरात आपटून कोपऱ्यांपर्यंत भरा, तारेनं वरचा भाग छाटा. विटा ठेवायची जमीन झाडून घ्या, तिथे बांधकामाचा राबिट किंवा चुन्याची फक्की सांडलेली नको. पहिले दिवस गोणपाटाखाली, मग कडेवर उभ्या. गरजेपेक्षा पाचवा हिस्सा जास्त पाडा, तेवढ्या फुटतातच.

भाजायला आधी रात्रभर नुसती धग. पाणी निघायच्या आधी जाळ वाढवला तर विटा फुटतात. भुशाच्या विटा धूर फार करतात, शेजाऱ्यांना कल्पना द्या. सरपणाला छाटणीनंतरच्या द्राक्षाच्या वाळलेल्या काड्या छान. विटा लाल झाल्यावर जाळ वाढवा, तापमान गाठा, बंद करा, थंड होईपर्यंत उघडू नका. काढल्या की भिजवा, पंधरवडा थांबा, टवका उडालेल्या बाजूला काढा.

बांधायला सिमेंट नाही, तापात ते भुगा होतं. त्याच मातीचा पातळ गारा, सांधा बारीक. गाऱ्याची माती चाळलेली. खाली ओल येणार नाही असा चौथरा. वर पत्र्याचं छप्पर, धुराड्याभोवती मोकळी जागा सोडून, आणि तिथे लाकडी वासा नको.