न्यूव्ह शापेल : गाव आणि भारतीय स्मारक कसे पाहावे

उत्तर फ्रान्समधील न्यूव्ह शापेल हे सपाट शेतजमिनीतले लहानसे गाव असून बेतून शहरातून मोटारीने तेथे सहज पोहोचता येते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक येथे आहे. निघण्यापूर्वी एक काम आवर्जून करावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर आपल्या घराण्यातील किंवा गावातील सैनिकाचे नाव शोधून त्याची पलटण लिहून घ्यावी, आणि शोधताना एकाच नावाची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगे तपासावीत.

गावाबाहेरच्या चौकातील स्मारक हर्बर्ट बेकर यांनी रचले आणि ते १९२७ साली खुले झाले. कमळाचा माथा असलेल्या सुमारे १५ मीटर उंच स्तंभापाशी आधी थांबावे. त्याच्या पायथ्याशी दगडी वाघ बसलेले आहेत. वर्तुळाकार आवाराच्या एका बाजूला कोरीव जाळी आहे, तर दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर, ज्यांची समाधी कोठेही नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे पलटणीनुसार कोरली आहेत. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावावर चालून गेल्या होत्या. मराठी माणसाने ती नावे घाई न करता, शक्य तर मोठ्याने वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी जवळच आहे. त्यानंतर शेतांच्या कडेने चालावे. येथे थोडे खणले तरी पाणी लागते, म्हणून १९१४-१५ मध्ये खंदकांऐवजी जमिनीवर मातीचे बांध रचावे लागले. उभ्या पिकात मात्र पाऊल टाकू नये.