लुक्लाच्या आदल्या दिवशी काठमांडूत
एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालात आणि काठमांडूत एकच दिवस हाती आहे? मग पशुपतिनाथाच्या आधी सॅक उघडा. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या चिमुकल्या विमानात सामान साधारण 15 किलोच चालतं, तेही हातातली पिशवी धरून. सगळ्यांच्या सॅका हॉटेलातच तोला; चकल्यांचा डबा तिथेच फस्त करा. स्लीपिंग बॅग थमेलमध्ये, म्हणजे काठमांडूतल्या पर्यटकांच्या बाजारपेठेत, भाड्याने मिळते. घेताना चेन दोनदा वरखाली करून बघा. आमच्यातल्या एकाची वाटेतल्या नामचे गावात अडकली ती अडकलीच! विमान काठमांडूहून की रामेछापहून, हे दुपारीच विचारून घ्या. गर्दीच्या मोसमात बहुधा रामेछापच, म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता आणि मध्यरात्रीनंतर लगेच गाडी. थमेलची मैफल परतताना.